टचडाउनला भुलू नका: फँटसी फुटबॉलमध्ये हुकमी वाइड रिसीव्हर कसा ओळखायचा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये आणि मित्रमंडळींच्या ग्रुपांवर एकच चर्चा रंगते: यंदा ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा कुणाला उचलायचं? हा ड्राफ्ट फँटसी फुटबॉलचा: अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदावरचा संघ बांधायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया इथली कितीतरी मराठी मंडळी आता या लीगमध्ये असतात. पुण्यात बसून अमेरिकेतल्या टीमबरोबर काम करणाऱ्यांनाही ‘एक जागा रिकामी आहे, येतोस का?’ असं बोलावणं येतं. नवखा माणूस हो म्हणतो, गेल्या वर्षीच्या गुणांची यादी उघडतो आणि वरून खाली नावं घेत सुटतो. हंगाम निम्म्यावर आला की त्याचा संघ तळाला असतो आणि नेमकं काय बिघडलं ते त्याला कळत नाही.

बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते वाइड रिसीव्हरच्या, म्हणजे फेकलेला चेंडू पकडणाऱ्या खेळाडूच्या निवडीत. म्हणून हा लेख फक्त त्या एका जागेबद्दल आहे. दर आठवड्याला डोळे झाकून संघात ठेवावा असा रिसीव्हर कसा हेरायचा, त्यासाठी कुठले आकडे बघायचे आणि कुठल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला नीट सांगायचं आहे.

आधी खेळाची ओळख. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ १८ आठवड्यांत १७ सामने खेळतो आणि एक आठवडा सुट्टी घेतो. फँटसी लीगमध्ये साधारण दहा किंवा बारा जण असतात. सगळे मिळून ड्राफ्ट करतात, म्हणजे आळीपाळीने एकेक खरा खेळाडू आपल्या संघात घेतात. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. फँटसी क्रिकेटपेक्षा मोठा फरक इथेच आहे. तिथे आज खेळायला बसलेल्या सगळ्यांच्या संघात बुमराह असू शकतो, आणि उद्याच्या सामन्याला नवा संघ करता येतो. इथे सप्टेंबरमध्ये घेतलेला माणूस, तुम्ही अदलाबदल केली नाही तर, डिसेंबरपर्यंत तुमचा असतो. दर आठवड्याला तुमची गाठ लीगमधल्या एकाशी पडते. तुमच्या खेळाडूंचे गुण जास्त झाले की तुम्ही जिंकलात. म्हणजे वर्षभराच्या बेरजेपेक्षा प्रत्येक आठवड्याचा हिशोब महत्त्वाचा. हे पुढे फार कामाला येणार आहे.

मैदानावर आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक हा त्या आक्रमणाचा सूत्रधार. तो चेंडू एकतर धावणाऱ्याच्या हातात देतो किंवा लांब फेकतो. फेकलेला चेंडू पकडण्यासाठी आखून दिलेल्या वाटेने पळणारे जे मुख्य खेळाडू, ते वाइड रिसीव्हर. त्या आखलेल्या वाटेला रूट म्हणतात. चेंडू घेऊन शेवटच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन.

गुण कसे मिळतात? सर्वात रुळलेल्या पद्धतीला पीपीआर म्हणतात. तिच्यात प्रत्येक झेलाला १ गुण, दर दहा यार्डांना १ गुण आणि टचडाउनला ६ गुण असतात. काही लीगमध्ये झेलाला अर्धा गुण मिळतो, तर काही ठिकाणी झेलाला काहीच नसतं. आपल्या लीगची पद्धत ड्राफ्टच्या आधी तपासा, कारण तिच्यावर अर्धी निवड अवलंबून असते.

एक खरा हिशोब करून बघू. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपने १४५ झेल घेतले, १,९४७ यार्ड मिळवले आणि १६ टचडाउन केले. झेलांचे १४५, यार्डांचे १९४.७ आणि टचडाउनचे ९६ मिळून ४३५.७ गुण. झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो त्या वर्षी लीगमध्ये पहिला होता. असं फार क्वचित होतं. २०२४ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या जामार चेसला ते पुन्हा जमलं.

पण मला कपच्या बेरजेपेक्षा तिच्या आतली रचना जास्त महत्त्वाची वाटते. त्या हंगामातल्या १७ सामन्यांपैकी १६ सामन्यांत त्याने ९० यार्डांच्या वर मजल मारली. उरलेल्या एका सामन्यात, म्हणजे त्याच्या सर्वात वाईट दिवशी, त्याचे ६४ यार्ड होते. ज्याच्या संघात कप होता, त्याला दर रविवारी पंधरा-वीस गुण जवळपास धरूनच चालता येत होतं.

याच्या अगदी उलट उदाहरण विल फुलरचं. २०१९ च्या पाचव्या आठवड्यात ह्यूस्टन टेक्सन्सकडून अटलांटाविरुद्ध त्याने १४ झेल, २१७ यार्ड आणि ३ टचडाउन अशी कामगिरी केली. एका सामन्यात ५३.७ गुण! त्या वर्षी तो ११ सामने खेळला आणि एकूण ४९ झेल, ६७० यार्ड, ३ टचडाउनवर थांबला. टचडाउनचा आकडा पुन्हा वाचा. अख्ख्या हंगामातले तिन्ही टचडाउन त्या एकाच दुपारचे होते. सरासरी काढली तर सामन्याला सुमारे १२ गुण दिसतात, म्हणजे बरा खेळाडू वाटतो. तो एक सामना बाजूला काढा, की उरलेल्या दहा सामन्यांत सरासरी ८ गुणांवर येते. तुम्ही एक आठवडा दणक्यात जिंकलात आणि बाकीचे आठवडे जवळजवळ एक माणूस कमी घेऊन खेळलात. जिंकलेल्या आठवड्यातले जास्तीचे तीस गुण पुढच्या आठवड्यात वापरता येत नाहीत.

म्हणून वर्षाची सरासरी बघून थांबू नका. खेळाडूचे आठवड्याचे गुण एकाखाली एक लिहा आणि त्यांतले दहाच्या खालचे किती आहेत ते मोजा. हे काम कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होतं. ज्याचे पडेल आठवडे कमी, तो भरवशाचा. हे सगळं मोफत आकड्यांवर करता येतं आणि तरीही लीगमधले बहुतेक लोक ते करत नाहीत, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

टार्गेट: सगळ्याचा पाया

आता मुख्य मुद्दा. रिसीव्हरच्या दिशेने फेकलेल्या प्रत्येक पासला टार्गेट म्हणतात, मग तो झेलला जावो की न जावो. रिसीव्हरबद्दल एकच आकडा बघायची मुभा असेल तर हा बघा.

क्रिकेटमध्ये फलंदाजाला खेळायला चेंडूच मिळाले नाहीत तर तो कितीही मोठा असला तरी धावा येणार कुठून? सातव्या क्रमांकावर येऊन सहा चेंडूंत वीस धावा काढणारा एखाद्या दिवशी डोळे दिपवतो, पण दर सामन्याला पन्नासची अपेक्षा तुम्ही सलामीवीराकडूनच करता. टार्गेटचं तसंच आहे. ते रिसीव्हरला मिळालेले चेंडू आहेत.

झेल, यार्ड, टचडाउन हे टार्गेटमधून निघणारं पीक. पीक एका वर्षी चांगलं येतं, एका वर्षी कमी. पण किती टार्गेट मिळायची हे प्रशिक्षकाच्या आखणीवर, क्वार्टरबॅकच्या विश्वासावर आणि रिसीव्हरच्या मोकळं होण्याच्या कौशल्यावर ठरतं, आणि या गोष्टी एका रात्रीत बदलत नाहीत. म्हणूनच टार्गेटचा आकडा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात बराचसा टिकतो.

कपला २०२१ मध्ये १९१ टार्गेट होती. डॅलस काउबॉइजच्या सीडी लॅमला २०२३ मध्ये १८१, मिनेसोटा व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनला २०२२ मध्ये १८४, चेसला २०२४ मध्ये १७५. हे सगळे आपापल्या वर्षी फँटसीच्या शिखरावर होते. १७ सामन्यांच्या हंगामात सामन्याला दहाच्या आसपास टार्गेट मिळत असतील तर तो रिसीव्हर वरच्या पंक्तीत बसायला पात्र आहे. सहा-सात असतील तर तो चांगला, पण त्याला आठवड्यागणिक नशिबाची साथ लागणार.

नुसता आकडा कधीकधी फसवतो, कारण काही संघ मुळातच जास्त फेकतात. म्हणून वाटा बघायचा: संघाने फेकलेल्या एकूण पासपैकी किती टक्के या एका माणसाकडे गेले. यालाच टार्गेट शेअर म्हणतात. एक चतुर्थांश वाटा म्हणजे उत्तम. तीस टक्क्यांच्या पुढे गेला तर तो संघ त्या एका माणसाभोवती फिरतोय असं समजा.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या मायकल थॉमसचं २०१९ चं वर्ष याचा उत्तम नमुना आहे. १८५ टार्गेट, १४९ झेल. एका हंगामातल्या झेलांचा तो विक्रम ठरला. विशेष म्हणजे त्या वर्षी सेंट्सचा महान क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ अंगठ्याच्या दुखापतीने पाच सामने बाहेर होता आणि टेडी ब्रिजवॉटर खेळत होता. थॉमसचं काम थांबलं नाही. चेंडू कोण फेकतोय ते बदललं, पण कुणाकडे फेकायचा ते बदललं नाही.

नव्या खेळाडूंच्या बाबतीत तर टार्गेटइतका लवकर इशारा देणारं दुसरं काही नाही. २०२३ मध्ये कूपर कप हंगामाच्या सुरुवातीला जायबंदी होता. त्याच्या जागी रॅम्सने एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खरे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतलेला पुका नकुआ नावाचा पोरगा उतरवला. पहिल्या सामन्यात त्याला १५ टार्गेट मिळाली, दुसऱ्या सामन्यात २०. दोन सामन्यांत २५ झेल, आणि टचडाउन एकही नाही. नुसता टचडाउनचा रकाना बघणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. टार्गेट बघणाऱ्यांनी त्याला पहिल्या आठवड्यानंतर लगेच उचललं. वर्षअखेर नकुआच्या नावावर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड होते. पदार्पणाच्या हंगामातला यार्डांचा तो विक्रम होता.

टचडाउनचा मोह

टचडाउन म्हणजे एका फटक्यात सहा गुण, साठ यार्डांइतके. म्हणून तो डोळ्यांत भरतो. पण रिसीव्हरच्या आकड्यांमध्ये सर्वात लहरी आकडा हाच. चेंडू गोलरेषेच्या, म्हणजे शेवटचा पट्टा सुरू होतो त्या रेषेच्या, एक यार्ड अलीकडे पडला की पुढच्या प्रयत्नात धावणारा खेळाडू तो आत ढकलतो आणि सहा गुण त्याच्या नावावर जातात. रिसीव्हरने काहीच चुकीचं केलेलं नसतं.

डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन आठवा. सव्वासहा फुटांच्या वर उंची, बचावपटूंच्या डोक्यावरून चेंडू काढणारा, अंगात राक्षसी ताकद. २०११ मध्ये ९६ झेल, १,६८१ यार्ड, १६ टचडाउन. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, त्याने १२२ झेल आणि १,९६४ यार्ड मिळवले. एका हंगामातला यार्डांचा हा विक्रम आहे. आणि टचडाउन किती? ५. तोच माणूस, तोच संघ, तोच क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड. कितीतरी वेळा तो गोलरेषेच्या तोंडाशी पाडला गेला. २०१३ मध्ये यार्ड घटून १,४९२ झाले, तर टचडाउन पुन्हा १२ वर गेले.

आता पीपीआरचा हिशोब करा. २०११ मध्ये ३६०.१ गुण, २०१२ मध्ये ३४८.४. टचडाउन १६ वरून ५ वर आले, म्हणजे ६६ गुणांचा खड्डा पडला, आणि तरीही एकूण गुण जेमतेम बारा कमी झाले. झेल आणि यार्डांनी तो खड्डा भरून काढला. भरवशाचा रिसीव्हर म्हणतात तो हा. नशीब रुसलं तरी ज्याचा पाया गुण देत राहतो, तो.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. सत्तर टार्गेटवर दहा टचडाउन करणारा एखादा खेळाडू यादीत वरच्या भागात दिसतो. त्याच्या नावाला भुलून पुढच्या वर्षी महागाची निवड वाया घालवू नका. एवढ्या कमी संधींवर टचडाउनचं ते प्रमाण क्वचितच टिकतं. मी तरी ड्राफ्टच्या यादीत टचडाउनचा रकाना सर्वात शेवटी बघतो.

एक अपवाद आहे. काही रिसीव्हर गोलरेषेजवळ मुद्दाम वापरले जातात. शेवटच्या वीस यार्डांच्या पट्ट्याला रेड झोन म्हणतात आणि तिथली टार्गेट वेगळी मोजतात. ग्रीन बेमध्ये असताना दावान्ते अॅडम्सने २०२० मध्ये १४ सामन्यांत १८ टचडाउन केले, आणि त्यामागे निव्वळ नशीब नव्हतं. गोलरेषेजवळ आल्यावर क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्स आधी त्यालाच शोधत असे. तेव्हा टचडाउन मोजण्यापेक्षा तिथली टार्गेट मोजा.

कुठल्या प्रकारची टार्गेट?

सगळी टार्गेट सारखी नसतात. तीस यार्ड लांब फेकलेला चेंडू पकडला तर मोठा फायदा, पण तो पकडला जाण्याची शक्यता कमी. आठ यार्डांवरचा चेंडू बहुतेक वेळा हातात बसतो. रिसीव्हरकडे सरासरी किती यार्डांवर चेंडू फेकला जातो याचा आकडा बहुतेक आकडेवारीच्या साइट्सवर मिळतो. तो फार मोठा असेल तर आठवडे वर-खाली होणार हे धरून चाला.

टॅम्पा बे बकेनीअर्सकडून नाव कमावलेला माइक एव्हान्स हा माझ्या मते या पिढीतला अत्यंत थोर रिसीव्हर. २०१४ ते २०२४ सलग अकरा हंगाम हजार यार्डांच्या पुढे, म्हणजे जुना दिग्गज रिसीव्हर जेरी राइसच्या विक्रमाची बरोबरी. वर्षाच्या हिशोबात याहून भरवशाचा माणूस शोधून सापडायचा नाही. पण त्याचा खेळ लांब पासांचा. २०१९ मध्ये तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्याने ८ झेल, १९० यार्ड, ३ टचडाउन केले. दोनच आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्सविरुद्ध झेल शून्य. पंचेचाळीस गुणांवरून थेट शून्यावर. वर्षाचा भरवसा आणि आठवड्याचा भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एव्हान्सइतकं स्वच्छ कुणी दाखवत नाही. असा खेळाडू घ्यावा, पण दुसरा रिसीव्हर म्हणून. पहिला शांत, नियमित गुण देणारा हवा.

तो शांत प्रकार बघायचा तर डेट्रॉइटचा अमॉन-रा सेंट ब्राउन बघा. २०२१ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी सोळा रिसीव्हर घेतले गेले आणि तो चौथ्या फेरीत ११२ वा निवडला गेला. त्या सोळाही जणांची नावं त्याला क्रमाने तोंडपाठ आहेत. तो अफाट वेगवान नाही, उंचही नाही. पण बराचसा मैदानाच्या मधल्या भागातून, ज्याला स्लॉट म्हणतात तिथून, खेळतो आणि क्वार्टरबॅक जेरेड गॉफची नजर अडचणीत सर्वात आधी त्याच्याकडे जाते. पहिल्या चार हंगामांतले त्याचे झेल: ९०, १०६, ११९, ११५. पीपीआर लीगमध्ये अशा खेळाडूचं मोल सोन्यासारखं आहे. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये मात्र त्याची जागा थोडी खाली सरकते.

अजून एक आकडा जरूर बघा: धावलेल्या प्रत्येक रूटमागे मिळालेले यार्ड. रिसीव्हर शंभर वेळा पळाला आणि दोनशे यार्ड मिळाले तर आकडा २ येतो. दोनच्या वर म्हणजे खरंच दर्जेदार. याचा फायदा असा की कमी वेळ खेळायला मिळालेला तरुण खेळाडू यातून आधीच कळतो. त्याला अजून संधी कमी आहे, पण मिळाली की तो तिचं सोनं करतो, हे एकूण यार्डांच्या यादीत दिसत नाही.

फेकणारा कोण, संघ कसा

चांगला क्वार्टरबॅक असेल तर उत्तमच, पण त्याचा बाऊ करू नका. २०१५ मध्ये ह्यूस्टनने एका हंगामात ब्रायन हॉयर, रायन मॅलेट, टी. जे. येट्स आणि ब्रँडन वीडन असे चार क्वार्टरबॅक खेळवले. चौघांपैकी एकही नामांकित म्हणावा असा नव्हता. तरी डीआंद्रे हॉपकिन्सने १११ झेल, १,५२१ यार्ड आणि ११ टचडाउन केले. २०२४ मध्ये मलिक नेबर्सने पदार्पणातच तसंच काहीसं केलं. जायंट्सचे क्वार्टरबॅक बदलत राहिले, संघ हरत राहिला, पण १५ सामन्यांत १७० टार्गेट आणि १०९ झेल त्याच्या नावावर जमा झाले. ज्याच्याकडे फेकावं असा दुसरा लायक रिसीव्हर नसेल तर चेंडू याच्याकडेच येणार.

मात्र वयाने तिशी गाठलेला आणि वेगावर जगणारा रिसीव्हर असेल, तर क्वार्टरबॅक गमावणं महागात पडतं. मायामी डॉल्फिन्सच्या टायरीक हिलने २०२३ मध्ये १,७९९ यार्ड आणि १३ टचडाउन केले होते. साहजिकच २०२४ मध्ये तो ड्राफ्टच्या अगदी वरच्या निवडींत गेला. दुसऱ्याच आठवड्यात क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआच्या डोक्याला मार बसला आणि तो काही सामने बाहेर गेला. हिलच्या स्वतःच्या मनगटाचंही दुखणं होतं. सगळे १७ सामने खेळूनही तो ९५९ यार्ड आणि ६ टचडाउनवर अडकला. पीपीआरमध्ये ३७७ गुणांवरून २१३ वर घसरण. लॅमचंही त्याच वर्षी त्याचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट हंगामाच्या मध्यावर जायबंदी झाल्यावर नुकसान झालं, पण लॅमचे १०१ झेल तरी झाले. फरक टार्गेटच्या प्रकाराचा आहे. जवळच्या पासांवर जगणाऱ्याला बदली क्वार्टरबॅकही चेंडू देऊ शकतो. लांब, अचूक फेक मात्र सगळ्यांना जमत नाही.

संघाचा बचाव कसा आहे हेही बघा. सामन्यात मागे पडलेला संघ वेळ वाचवण्यासाठी जास्त पास फेकतो. २०२४ चे बेंगल्स याचं ठळक उदाहरण. बचाव गळका, त्यामुळे क्वार्टरबॅक जो बरोला सतत फेकावं लागलं. ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन या दोन्हींत तो लीगमध्ये अव्वल ठरला आणि संघ तरीही ९ विजय, ८ पराभवांसह प्लेऑफच्या बाहेर राहिला. चेसच्या १२७ झेल, १,७०८ यार्ड, १७ टचडाउनमागे हेही कारण आहे. बॉल्टिमोरविरुद्ध ३४-३५ असा हरलेला त्यांचा सामना घ्या: चेसचे एकट्याचे ११ झेल, २६४ यार्ड, ३ टचडाउन. संघाच्या चाहत्याला तो पराभव जिव्हारी लागला असेल, पण फँटसीत चेसच्या मालकाला त्या रात्री ५५ गुण मिळाले.

आणि एका गोष्टीकडे मी दर मार्च-एप्रिलमध्ये बारीक लक्ष ठेवतो: कुणी संघ सोडला. एखादा मोठा रिसीव्हर गेला की त्याची शंभर-सव्वाशे टार्गेट कुणालातरी मिळणार असतात. २०२५ च्या हंगामाआधी सिअॅटलने डीके मेटकाफला पिट्सबर्गला देऊन टाकलं आणि टायलर लॉकेटलाही मोकळं केलं. उरला जॅक्सन स्मिथ-नजिग्बा, आधीच्या वर्षी १०० झेल घेतलेला. रिकामी झालेली जागा त्याची होणार हे डोळ्यांसमोर होतं, आणि त्या हंगामात यार्डांमध्ये तो लीगमध्ये पहिला आला.

वय आणि दुखापती

रिसीव्हरची भर उमेदीची वर्षं साधारण चोविसाव्या वर्षापासून तिशीच्या उंबरठ्यापर्यंत. जेरी राइसने चाळिशीत पोचूनही २००२ मध्ये १,२११ यार्ड काढले, पण राइस एकच होता. तिशी ओलांडलेल्या खेळाडूवर पहिल्या फेरीची निवड लावायला मी धजावत नाही, तिसऱ्या-चौथ्या फेरीत खुशाल घेतो.

दुखापतींबाबत सरसकट घाबरायचं कारण नाही. दुखापतीने हुकलेले सामने आणि खेळलेल्या सामन्यांतली कामगिरी वेगळी करून बघा. जेफरसन २०२३ मध्ये मांडीच्या स्नायूमुळे फक्त १० सामने खेळला, परत आला तेव्हा त्याचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स स्वतः बाहेर होता, तरी त्याचे १,०७४ यार्ड झाले. खेळतो तेव्हा तो पूर्वीसारखाच आहे हे स्पष्ट होतं, आणि २०२४ मध्ये सॅम डार्नल्ड या नव्या क्वार्टरबॅकबरोबर त्याने १,५३३ यार्ड काढून ते दाखवून दिलं. मायकल थॉमसचं दुर्दैव निराळं. २०२० च्या पहिल्याच सामन्यात घोटा दुखावला, तो पुढे बराच काळ सुटला नाही. २०२१ चा अख्खा हंगाम गेला. पायाची तीच दुखापत पुन्हा पुन्हा डोकं वर काढत असेल तर नाव कितीही मोठं असो, पुढच्या खेळाडूकडे वळा.

ड्राफ्टच्या टेबलावर आणि नंतर

रिसीव्हरांची एक ते पन्नास अशी यादी करण्यापेक्षा त्यांचे गट पाडा. पहिल्या गटात पाच-सहा जण, ज्यांची टार्गेट ठरलेली, वय योग्य, पडेल आठवडे कमी. दुसऱ्या गटात त्यांच्याइतकेच गुणी, पण एखादी शंका असलेले. तुमची पाळी आली आणि पहिल्या गटात एकच नाव उरलं असेल तर ते घ्या; चार उरले असतील तर आधी दुसरी जागा भरायला हरकत नाही, पुढच्या फेरीत एखादा मिळेल. लीगमध्ये तीन रिसीव्हर खेळवावे लागत असतील तर पहिल्या दोन फेऱ्यांत किमान एक पहिल्या गटातला असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

हंगाम सुरू झाल्यावर बुधवार ते शुक्रवार सरावाचे अहवाल येतात. कोण पूर्ण सराव करतोय, कोण अर्धवट, ते त्यात असतं. सामन्याच्या दीड तास आधी न खेळणाऱ्यांची यादी जाहीर होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सुरू होणारे सामने भारतात रात्री साडेदहाला लागतात, म्हणजे ती यादी इथे नऊच्या सुमारास कळते. नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळं मागे गेली की सगळं एक तास पुढे सरकतं. जेवण झाल्यावर एकदा डोळ्यांखालून घातली तरी शून्य गुणांचा फटका टळतो.

आणि लीगमधल्या दुसऱ्या कुणाशी खेळाडूंची अदलाबदल करताना टार्गेटचा रकाना पुन्हा उघडा. २०१८ मध्ये अटलांटाच्या हुलिओ जोन्सने पहिल्या सात सामन्यांत ८१२ यार्ड मिळवले आणि टचडाउन एकही केला नाही. कंटाळलेले मालक त्याला मिळेल त्या मोबदल्यात देऊन टाकायला तयार होते. त्याच्याकडे येणारा चेंडू मात्र एका आठवड्यातही आटला नव्हता. नवव्या आठवड्यात वॉशिंग्टनविरुद्ध पहिला टचडाउन झाला आणि उरलेल्या नऊ सामन्यांत मिळून आठ. ऑक्टोबरात ज्याने तो स्वस्तात घेतला होता, त्याला हे आठही मिळाले, आणि वर १,६७७ यार्डांपैकी शेवटचे ८६५.